चौकट सुरेख आहे

ब्रिस्बेन, मंगळवार

ती. मर्ल आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा, काकांचा रक्तदाब आणि ती दुष्ट रानटर्की (अजून परसात उकरतेय ना?) सगळे ठीक असतील असं धरून चालते. मी मात्र ठीक नाही. कालपासून चहात साखर घातली की नाही तेही कळत नाही, इतका धक्का बसलाय.

माझा पापुद्रा तुला ठाऊक आहे. सिलिकॉन कार्बाइडचा, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ, इवल्याशा चौकटीवर ताणलेला. (मागे तू विचारलं होतंस, त्यावर काय वाढतात. काही नाही.) तो निर्वात डब्यात ठेवायचा, हलकेच थरथरवायचा आणि ती थरथर लेझरने मोजायची, त्यावरून तो किती ताठ ते कळतं. माझ्याकडे हा शेवटचाच होता, आणि माझा अख्खा प्रबंध त्याच्याच आकड्यांवर उभा. आमच्याकडे रीत अशी, की पापुद्रा ज्याच्या हातून फुटेल त्याने सगळ्यांना केक आणायचा. आधीचा माझ्या हातून फुटला तेव्हा तू पॅशनफ्रूटचा स्पंज केक पाठवलास, आठवतं?

नेमके तो केक कापला त्या दिवसापासून या पापुद्र्याचे आकडे चढले. पुस्तकात म्हणतात त्याच्या कितीतरी पट ताठ. मी घाबरले, पण हेस्केथ बाई (माझ्या मार्गदर्शक) नाचायच्याच बाकी होत्या. "अगं, नशीब काढलंस," म्हणाल्या, आणि पार मेलबर्नपर्यंत दवंडी पिटली. मी महिनाभर खपून त्यावर एक प्रकरण लिहिलं. काल मेलबर्नहून एक वयस्क गृहस्थ तो चमत्कार बघायला आले. आम्ही डबा उघडून चौकट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "चौकट सुरेख आहे. पापुद्रा कुठंय?"

पापुद्रा नव्हताच, आत्या. महिनाभर आम्ही नुसत्या चौकटीची थरथर मोजत होतो. पापुद्रा पारदर्शक, त्यामुळे डब्याच्या काचेतून असला काय नि नसला काय, सारखंच. तेवढ्यात तेविता (शेजारच्या टेबलावरचा, मूळ टोंगाचा, जिभेला हाड नाही) म्हणाला, "केकच्या दिवशी चौकट सरळ करायला डबा उघडला होता ना? हवा कुणी सोडली?" हवा अगदी हळूहळू आत सोडायची असते, नाहीतर पापुद्रा गेलाच. ती बाईंनी सोडली होती. "तू केक काप, मी आलेच," म्हणाल्या होत्या, आणि खरंच लगेच आल्या होत्या. म्हणजे एका अर्थी माझा प्रबंध तुझ्या केकने बुडवला. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

तू काळजी करू नकोस. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

तुझी भाची,
कोरीन

ता. क. तेविता त्याच्याकडचा जास्तीचा पापुद्रा मला द्यायला तयार आहे. "पण आधी आत्याचा केक, नाहीतर बस चौकटी मोजत," म्हणतो. पाठवशील ना?

ता. ता. क. एक नको, दोन पाठव. रीत बाईंनाही लागू आहे, आणि त्यांनी जन्मात ओव्हन पेटवलेला नाही. दुसरा केक त्यांनीच केला असं सगळ्यांना सांगायचं ठरलंय, तेव्हा तो जरा बिघडव. तुझ्या जिवावर येईल, पण प्रबंधावर सही त्यांचीच लागते.