डोळे मिटल्यावरचा हात

३ नोव्हेंबर १९८०, पूर्णा
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. उजवा कोपरात मुडपून छातीशी बसलाय. पोळ्याच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, तोंड सुधारलं, हा गडी काही ऐकत नाही. महिनाअखेरीस रेल्वेच्या डॉक्टरांकडं तपासणी. उजव्या हातात हिरवी झेंडी, हात सरळ बाहेर. जमलं तर गार्डाची नोकरी टिकली. दुसरं हलकं काम देतील म्हणतात, देतील तेव्हा खरं. नाही तर क्वार्टर खाली करून गावाकडं. गावातलं घर नामांतराच्या दंगलीत जळालं. जळालं काय, जाळलं.

५ नोव्हें.
उस्मानभाई दाढी करायला घरी आला. गावातल्या न्हाव्यानं आमच्या डोक्याला कधी हात लावला नाही. हा माझी मान लेकराची धरावी तशी धरतो. नवीन मशीन आणलं होतं. न्हाव्यानं आपल्या पंजावर पट्ट्यानं बांधायचं, प्लग लावला की बोटं थरथरतात अन् ज्याला लावाल त्याचं मांसही. गिऱ्हाइकांच्या खांद्याला चालवतो. मी नाव ठेवलं भुंगा.
"गार्डसाब, हाथ कू बी लगा के देखूं?"
दंडाच्या पुढच्या बाजूला, कोपराच्या वर धरलं. डोळे मिटले. अन् हात सरळ व्हायला लागला! सावकाश, अगदी स्वतःहून. बायकोला विचारलं, "गया, झाला ना सरळ?" म्हणाली, "हो, झाला." भुंगा थांबल्यावर डोळे उघडले तर हात जागच्या जागी. म्हणाली, "मशीन काढलं की गेला परत."

९ नोव्हें.
रोज भुंगा. डोळे मिटले की हात ब्रेकव्हॅनच्या बाहेर, चुडाव्याचं स्टेशन मागं पडतंय, झेंडी फडफडतेय. उघडले की हेच भिंतीचे पोपडे. गया रोज "हो" म्हणते. म्हणताना दुसरीकडं बघते.

१२ नोव्हें.
दादा आला गावाहून. "चल गावाकडं. आता समदं शांत हाय. लोकं लय बदलले."
गया चहा देता देता म्हणाली, "मंग दादा, तुमी दाराला आतून लाकडाचा टेकू कशाला लावायलाव अजून?"
दादानं चहा बशीत ओतला.

१४ नोव्हें.
भुंगा चालू असतानाच डोळे उघडले. हात सरळ नव्हताच. उलट आणखी मुडपला होता, मूठ हनुवटीपाशी. आतून बाहेर जातोय वाटत होतं, अन् प्रत्यक्षात...
गयावर ओरडलो. "खोटं का बोललीस?"
"तुमच्या तोंडावर हसू आलतं. पोळ्यापासून पयल्यांदा. काय सांगू मी?"
जेवलो नाही. राग तिचा की माझा, कळेना. इतके दिवस मी बाहेर होतो अन् हात आत चालला होता.

१६ नोव्हें.
सकाळी गयाच म्हणाली, "पुढून लावल्यावर आत येतो, तर मागून लावा की." उस्मानभाई हसला, पण लावलं. दंडाच्या मागं, कोपराच्या वर. डोळे मिटले. हात आवळायला लागला. छातीवर चढला, श्वास कोंडला. ओरडलो, "काढ! काढ!"
"राहू द्या!" गया. "उघडायलाय! आईच्यान, उघडायलाय!"
पटलं नाही. पाहिलं. मूठ खाटेच्या कडेपलीकडं गेली होती. मी पाहिलं अन् तिथंच आखडली.

२१ नोव्हें.
हिशेब उलटा आहे. मिटतोय वाटलं की उघडतो. पाहिलं की आखडतो. म्हणून डोळे मिटून, गयाच्या आवाजावर. "आणिक. आणिक. थोडं अजून." भुंगा काढल्यावरही हात थोडा वेळ सैल राहतो, पण उलटं वाटणंही लगेच जात नाही. तेवढ्यातच झेंडी धरायची. काल धरली, गया म्हणते. यावेळी माझ्याकडं बघून म्हणाली.
तपासणीला आत जायच्या आधी भुंगा चालवायला उस्मानभाईनं दवाखान्यासमोरच्या पानपट्टीवाल्याचा प्लग ठरवून ठेवलाय.

२७ नोव्हें.
उद्या तपासणी. चौकशी केली. आत एकट्यानंच जायचं, बायकोला सोडत नाहीत.
डोळे उघडे ठेवले तर आखडणार. मिटले तर सांगणार कोण? मला भीती वाटते. झटका आला तेव्हा वाटली नव्हती एवढी.
गया म्हणाली, "मी दाराभाईरून ओरडते ना." हसलो. ती हसली नाही.
संध्याकाळी तिला म्हणालो, आज बोलू नकोस, काही झालं तरी. भुंगा फिरवून उस्मानभाई बाजूला झाला. झेंडी घेतली, डोळे मिटले. हात आवळत गेला. छातीवर, पार गळ्यापर्यंत. आवळतोय म्हणजे उघडतोय, असं घोकत जोर लावत राहिलो. विचारलं, "किती झाला?"
ती बोलली नाही. मीच सांगितलं होतं.
डोळे उघडले नाहीत.