पेशंट मी आहे

सोमवार, ४ ऑगस्ट
नर्सिंग होममधून आले. उजव्या कुशीवर झोपता येत नाही, इंजेक्शन तिथेच दिलंय.
बारावा आठवडा. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघितले, मला बाहेर बसायला सांगितलं आणि निखिलला आत बोलावलं. पंधरा मिनिटं. बाहेर आला तो खाली बघतच. म्हणाला, रक्त कमी आहे, लोहाची इंजेक्शनं घ्यायची, आठवड्याला एक अशी तीन.
लोहाचं औषध काळपट असतं. सिस्टरने भरलं ते दुधासारखं पांढरं. आधी हातावर टोचून अर्धा तास थांबवलंसुद्धा. साताऱ्याला बाबांच्या औषधाच्या दुकानात वाढलेय मी, पेनिसिलिन ओळखते.
तरी गप्प बसले. का?

मंगळवार, ५ ऑगस्ट
नि. (पूर्ण नाव लिहायची आज इच्छा नाही) सकाळच्या गाडीने बजबजला, कंपनीच्या डेपोत कामावर. मी अर्धी रजा टाकून परत नर्सिंग होमला. काउंटरवरचा बंगालीत म्हणाला, "पेशंट पार्टी तो निये गेछे, बोउदी." म्हणजे वहिनी, नातेवाईक रिपोर्ट घेऊन गेले. दादांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारा म्हणाला.
"पेशंट मैं हूँ," मी म्हटलं. त्याला ते पटायला वीस मिनिटं लागली. शेवटी कॉपी दिली, तीही इकडेतिकडे बघत.
सिफिलिस. दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह.
रासबिहारीच्या स्टॉपवर उभी राहून चार वेळा वाचलं. दोन बस सोडल्या.
दुकानात याला लोक 'गरमी' म्हणत. कुणी त्याचं औषध किंवा कंडोम मागायला आलं की बाबा मला आत जा म्हणायचे. मी आत जायचे. पेनिसिलिनची बाटली ओळखायला शिकले, ती कशासाठी ते कुणी सांगितलं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट
डॉक्टरांना गाठलं. शांतपणे म्हणाले, तुम्हाला या अवस्थेत धक्का बसू नये म्हणून. घरगुती मामला आहे, मिस्टरांनी सांगणं बरं.
माझं रक्त, माझं पोट, आणि मामला मिस्टरांचा. लोहाचं म्हणून पुढची दोन मी कंटाळून चुकवलीही असती. तेव्हा बाळाचं काय झालं असतं, असं विचारलं. त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.
नि.ची तपासणी केली का? "ते करून घेतो म्हणाले."

बुधवारच, संध्याकाळी
नि.ला चहा झाल्यावर रिपोर्ट दाखवला. पहिलं वाक्य: "तुझंच काही असेल." हे इथे लिहून ठेवते, उद्या मलाच खरं वाटणार नाही.
मी रिपोर्ट त्याच्यासमोर तसाच धरून ठेवला, तेव्हा हळूहळू निघालं. लग्नानंतर आठ महिने तो दुसऱ्या डेपोवर एकटा होता तेव्हाचं. ऑफिसातली एक बाई. त्या काळात एक फोड आला होता, दुखत नव्हता, आपोआप गेला. गेला म्हणून विसरला.
तपासणी अजून केलेली नाही. कंपनीच्या पॅनेलवरच्या लॅबमध्ये केली तर नोंद होईल, साहेबांना कळेल. साहेबांची भीती आहे. माझी…
त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
सरकारी हॉस्पिटलमधलं क्लिनिक. कामवाल्या मीनादीने पत्ता दिला, तिच्या बहिणीला तिथेच नेलं होतं. तिला ठाऊक होतं, मला एम.एस्सी. होऊन नव्हतं.
समुपदेशक शिखादी, साठीच्या आसपासच्या. दार लावलं, मला खुर्ची दिली, सगळं मलाच सांगितलं. हा रोग वर्षानुवर्षं काही न दिसता रक्तात राहतो. भांड्यांनी, संडासाने लागत नाही. औषधाने जातो, पण बरा झाल्यावर परत होऊ शकतो. म्हणून नवऱ्याचीही तपासणी, इंजेक्शनं. दोघांचं पुरं होईपर्यंत जवळ यायचं नाही. नंतर कंडोम. बाळासाठी मी वेळेत आलेय.
मग मी पहिल्या बाळाबद्दल विचारलं. नाशिकला पाचव्या महिन्यात गेलं ते. त्यामुळे का?
म्हणाल्या, "असू शकतं, नसूही शकतं. आता कुणीच सांगू शकणार नाही." खोटा दिलासा दिला नाही. पण हात धरून बसल्या.

शनिवार, ९ ऑगस्ट
नाशिकची जुनी फाइल काढली. या तपासणीच्या रकान्यात नुसती रेघ. केलीच नाही. पत्रिका मात्र दोन ठिकाणी दाखवली होती.
सासूबाईंचा रविवारचा फोन आजच आला. या वेळी पाण्याची बादली उचलू नकोस, मागे त्यानेच गेलं. तीन वर्षं ऐकतेय. मी फोन नि.च्या हातात दिला, म्हटलं, आईंना सांग बादलीने गेलं हे कुणालाही माहीत नाही. तो म्हणाला, "आत्ता नको."
मीच परत घेतला. "आई, बादलीचं आजपासून बोलायचं नाही. कारण निखिलला विचारा." ठेवला.
मग जेवले व्यवस्थित.

सोमवार, ११ ऑगस्ट
दुसरं इंजेक्शन, क्लिनिकमध्ये. नि. आला. दारापर्यंत येऊन परत फिरला, रिक्षा स्टँडवर उभा राहिला. मी बाहेर जाऊन म्हटलं, तू आत आला नाहीस तर मी साताऱ्याला जाते, आणि बाबांना खरं कारण सांगते. आत आला.
त्याचाही रिपोर्ट तोच निघाला. त्याचं पहिलं इंजेक्शन आज. ओरडला. मला बरं वाटलं, त्याची लाज वाटत नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट
माझं तिसरं झालं. त्याचं दुसरं.
इथल्या मराठी महिला मंडळाची बैठक होती, गणपतीतल्या कार्यक्रमांची. गरोदरपणातल्या तपासण्यांवर शिखादींना अर्धा तास बोलवू या, असं सुचवलं. विषय काय काय ते सांगितलं. सेक्रेटरी काकू म्हणाल्या, आपल्या लोकांत असलं नसतं गं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथेच बसलेले, त्यांच्या लोकांतलीच.
उकडीच्या मोदकांची स्पर्धा ठरली.

बुधवार, १७ सप्टेंबर
महिन्यानंतरची रक्ततपासणी. रोगाचा आकडा खाली आलाय. जन्मल्यावर बाळाचीही करावी लागेल, तोवर दर महिन्याला माझी. ठोके ऐकले.
नि.ची तिन्ही पूर्ण. येताना टॅक्सीत म्हणाला, आता झालं ना सगळं?
मी विचारलं, तिला कळवलंस का?
कुणाला, म्हणाला. मग समजलं त्याला, ऑफिसातली ती. चार वर्षं झाली, तिचं लग्न झालंय, कशाला तिच्या संसारात… नंबर आहे का, मी विचारलं. आहे.
तिचा राग येईल असं वाटलं होतं. येतो, पण ती डोळ्यांपुढे येते ती कुठल्यातरी नर्सिंग होमच्या बाहेर बसलेली. आत तिच्या नवऱ्याला बोलावलंय, किंवा कुणालाच नाही, कारण रकान्यात रेघ आहे.
"तिला कोणाकडून कळणार?" मी म्हटलं. "मला सांगणारं होतं का कुणी?"
घरी येऊन त्याच्यासमोर बसले. म्हटलं, तू कर, नाहीतर मी करते. बोलायचं कसं ते शिखादींना विचारून आलेय.
फोन टेबलावर आहे. तो बाल्कनीत आहे. चहा दोनदा गरम केला.
नंबर मी माझ्या फोनमध्ये उतरवून घेतलाय.