वेल्डिंगच्या हाताला कुंकू

८ नोव्हें., शनि.
सायलीचा फोन. प्रदर्शन शुक्रवारी उघडणार. चिंचवडला, बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. "आई, बाबांना घेऊन ये." म्हटलं, तुझे बाबा काही माझ्या पर्समध्ये मावत नाहीत. हसली.

चाकणची नोकरी सोडून तिला सहा महिने होतील. तिथे रोबोंचे प्रोग्राम लिहायची. आता थेरगावात, डांगे चौकाजवळ गाळा भाड्याने घेतलाय, झोपायला तेवढी घरी येते. भंगारातून आणलेल्या वेल्डिंगच्या रोबोला रांगोळी शिकवतेय लेक माझी! नुसता हातच आहे तो, माणसाएवढा उंच. तेव्हापासून ह्यांचं तिच्याशी बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'बरं'.

१० सोम.
ह्यांनी परस्पर कारभार केला. ओळखीच्या साहेबांना गाठलं. कंपनी तिला परत घ्यायला तयार. पुढच्या सोमवारी साहेब फोन करणार, तेव्हा हो की नाही सांगायचं. जेवताना अशा थाटात सांगितलं, जणू निवडणूक जिंकून आले.

"तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात?" मग भाकरी तशीच हातात. चिडले की तुळजापूरकडची बोली बाहेर येते. "ज्या मशिनवर आपलं घर चाललं, त्याला ही लोकांपुढं नाचवायली. थट्टा हाय ही."

म्हणजे दुखणं हे आहे तर. नोकरीचं एवढं नाही, मशिनचा अपमान लागलाय. कंपनीत होते तोवर खंडेनवमीला मशिन पुसून, हार घालून, नारळ फोडूनच घरी यायचे. रिटायर झाल्यापासून स्कूटर आणि माझ्या मिक्सरवर भागवतात. यंदाही मिक्सरला हार, दिवसभर चटणी नाही.

सायलीला साहेबांचं सांगितलं. "बघते," म्हणाली. आवाजावरून काही लागलं नाही हाताला.

१३ गुरु.
"उद्या येताय का?" "गुडघा दुखतोय." संध्याकाळी त्याच गुडघ्याने स्कूटर धुतली, बूट पॉलिश केले. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी बोलले असते तर हे हट्टाने घरीच राहिले असते.

१४ शुक्र.
लिहू कुठून. हात अजून पांढरे आहेत रांगोळीने.

आले. शर्ट इस्त्रीचा, खिसा फुगलेला. वाटलं, तंबाखू परत सुरू केली की काय.

शेडभर अंधार, पडद्यांवर काय काय हलतंय. एका भिंतीवर सगळे मोबाइल, आपण जवळ गेलो की आपलेच चेहरे दाखवणारे. मला ते आवडलं नाही, केस विस्कटलेले दिसले. आणि मध्ये उजेडात आमच्या सायलीचा हात. खाली काळी फरशी, ठिपके मांडलेले. आपण समोर उभं राहून हवेत बोट फिरवायचं. हाताच्या टोकाशी कॅमेरा आहे, तो बघतो, आणि हात रांगोळी सोडत ठिपके जोडत जातो. ठिपके माझे! दारात मी काढते तीच कासवाची रांगोळी. कॉलेजची मुलं रांग लावून उभी. ऊर भरून आला अगदी.

ह्यांनी बाहेरच बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. वाकून सांधे, वायरी बघितल्या. मग, "सायली, बंद कर जरा. चालू मशिनला हात लावत नसतेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. बंद केलं.

खिशातून निघाला झेंडूचा हार आणि तुळजापूरच्या कुंकवाची पुडी. रुमालाने हात वरपासून खालपर्यंत पुसला, हार घातला, आणि कपाळासारखं दिसलं तिथे बोट भरून कुंकू. हात जोडले. "हं, कर चालू."

चालू झालं. हात वर गेला आणि थांबला. अर्धं कासव खाली, हात हवेत. शेंडीवाला संयोजक पळत आला. "काका, कॅमेरा आहे तो!"

ह्यांचा चेहरा उतरला. पोरीचं काम बिघडवलं म्हणून जीव एवढासा झाला. मला वाटलं, आता निघूनच जातात.

सायली हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "बाबा, इतकी वर्षं मशिनला कुंकू लावलंत, डोळ्यात कधी घातलं नव्हतंत!" संयोजक फडकं घेऊन पुढे झाला तर त्याला अडवलं. "आज राहू दे."

मग रांगेतल्या मुलांचं काय? मी पदर खोचला, खाली बसले आणि उरलेले ठिपके चिमटीने जोडले. टाळ्या पडल्या. पडणारच. हे प्रत्येकाला गाठून सांगत होते, "प्रोग्राम हिनंच लिहिलाय. आमची मुलगी." संयोजकालाही सांगितलं. त्याला माहीत नसेल जणू!

१६ रवि.
परत गेलो. कॅमेऱ्याची काच पुसलीय, भोवतीचं कुंकू मात्र तसंच. बाजूच्या पाटीवर कशाकशाचं बनवलंय ते लिहिलंय: वेल्डिंगचा हात, कॅमेरा, रांगोळी. खाली पेनने, कुंकू. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

घरी येताना रिक्षात सायलीला विचारलं, उद्याचं काय? "कळत नाही गं आई. पगाराची आठवण येते. पण सकाळी गाळ्यावर जायची घाई होते, तशी चाकणला कधी झाली नाही." हे पुढे, ड्रायव्हरशेजारी. ऐकलं की नाही कोण जाणे.

१७ सोम.
सकाळी साहेबांचा फोन, ह्यांच्याच मोबाइलवर. मी पोळ्या लाटत होते, लाटणं थांबलं.

"व्हय साहेब... न्हाई, घरी न्हाई. पोरगी कामावर गेली. सुटली की करंल फोन."

फोन ठेवला. माझ्याकडे न बघता पिशवी काढली, पायात चप्पल सरकवली.

"तिचा डबा भरलास का?"