शेवटच्या घरचं पाणी

आण्णा, मला भीती वाटते आहे. असं बोलून दाखवायची आपल्या घरात पद्धत नव्हती, पण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता पद्धत मोडली तरी रागवायला कुणी नाही. आई बाहेर ज्वारी निवडत बसली आहे. "का गं, तोंड का उतरलंय?" असं मघापासून विचारते आहे. ऑफिसचा ताण म्हणून मी वेळ मारून नेली.

ऑफिसबाहेर मी जे करते ते तुम्हाला कधी धड सांगता आलं नाही. त्याला लायब्ररी म्हणतात, पण तिथं पुस्तकं नसतात. मी प्रोग्रॅमचा एक तुकडा लिहून जगासाठी मोकळा ठेवला आहे, ज्याला हवा त्यानं फुकट घ्यावा आणि आपल्या कामात जोडावा. माझा तुकडा मापांचा आहे : मिलिग्रॅम, मिलिलिटर, किलो. ज्या भाषेत लिहिते ती फंक्शनल, म्हणजे तेच आत घातलं की तेच बाहेर येणार, पाठीमागं काही बदलणार नाही. आणि कंपायलर नावाचा एक पंतोजी असतो. ग्रॅममध्ये लिटर मिसळलं की तो प्रोग्रॅम पुढं जाऊच देत नाही. आम्हा मंडळींचा त्याच्यावर इतका भरवसा की त्यानं सोडलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं आम्ही समजतो. मीही समजायचे.

मागे कुठल्याशा दूरदेशीच्या हॉस्पिटलातून एक पत्र आलं. लहान मुलांच्या वॉर्डात औषधाचा डोस काढायला ते माझी लायब्ररी वापरतात. साधं आभाराचं पत्र होतं, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तोवर वाटायचं, माझ्यासारखीच चार हौशी माणसं वापरत असतील. पंतोजीला माप कळतं, ते माप कुणाच्या लेकराच्या पोटात जाणार ते कळत नाही.

तेव्हापासून तुम्ही फार आठवता. नगरपालिकेचं पाणी सोडायची तुमची नोकरी. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन तुम्ही पुढं, मी मागं. चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, बोळात घागरींची रांग. तुम्ही झाकण उचलून व्हॉल्व्ह हळूहळू फिरवता. पाणी आलं की तुमच्याकडं कुणी बघत नाही, नाही आलं की मात्र सगळ्या पिढ्यांचा उद्धार होतो. मग तुम्ही चालत बोळाच्या टोकाला जाता, शेवटच्या घरच्या नळाखाली ओंजळ धरता आणि पिता. जुन्या नळात घाण शिरली तर ती टोकाच्या घरी कळते, असं तुमचं म्हणणं. कॉलेजात असताना मी हसून म्हटलं होतं, "आण्णा, अशानं तुम्हीच आजारी पडाल की!" कधी नव्हे ते तुम्ही चिडलात. "मग पडू दे की! पानी सोडलंय कुनी? म्या सोडलंय न्हवं? मग लोकांच्या लेकरांनी आदी प्यायचं व्हय?" माझ्या लायब्ररीचा बोळ कुठं संपतो हेच मला ठाऊक नाही.

त्यात आता एकजण आहे. बरेच दिवस तो मला दुरुस्त्या पाठवतो. तोंड पाहिलेलं नाही, नावही टोपणच. काम नीटनेटकं, बोलणं गोड. जुनी आवृत्ती नव्या कंपायलरवर चालेना, म्हणून नवी काढणं भाग होतं, आणि तिचं बरंचसं काम त्यानंच केलं. आता म्हणतो, तुम्ही दमलात, नव्या आवृत्त्या सोडायचा अधिकार मला द्या. दमले तर आहेच. लोकांच्या तक्रारी, ऑफिस, आईचे गुडघे. पण तो अधिकार ज्याच्याकडं, तो आत काहीही घालू शकतो आणि ते न विचारता थेट त्या वॉर्डात पोचतं. मी त्याची ओळ न् ओळ वाचली. यंत्राला वाटेल ते आकडे बनवून तपासायला लावलं. काहीच वावगं निघालं नाही. निघालं असतं तर सुटल्यासारखं झालं असतं, इतकी मी भ्याले आहे. बिचारा भलाही असेल, आणि मी त्याला चोर ठरवून बसले असेन. पण पारखू कशी? गावाकडचं, वळसंगचं आपलं रान कुणाला वाट्यानं कसायला द्यायचं तर तुम्ही आधी त्याच्या घरी जाऊन जेवून यायचात. याचं घर कुठं आहे तेही मला माहीत नाही.

आज दुपारी त्याला लिहिलं की मदत हवी आहे, अधिकार देणार नाही. मग नवी आवृत्ती मीच सोडली. एक बटण दाबायचं असतं, त्याला जोरही लागत नाही. एव्हाना त्याचं उत्तर आलं असेल. हॉस्पिटलचंही काही आलं असेल.

आई मघाशी चहा घेऊन आली. "झालं का गं काम?" मी व्हय म्हटलं. हे पत्र तर कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. बटण दाबल्यापासून मी मेल उघडलेला नाही.