तुझ्या नाल्यातली नदी

सातारा परिसर, औरंगाबाद
१२ मे २०१६

चि. रूपालीस,
सप्रेम जय भीम.

आम्ही मजेत आहोत. पप्पांचा गुडघा बरा आहे. टँकर चार दिवसांआड येतो. खिडकीसमोर ज्वारीचं रान आहे असं लिहिलं होतं ना, तिथं आता सात मजले चढलेत. त्यांना पाणी कुठून आणणार, ते बिल्डरलाच ठाऊक.

एक खरेदी केलीय. गुलमंडीजवळच्या फ्रेमवाल्याकडून वाळवंटाचं चित्र आणलं. छापील प्रत आहे, पण चांगल्या जाड कागदावरची, सागवानी चौकटीतली. बद्रीनाथ दुकानदार मात्र धबधब्याचं चित्र घ्या म्हणून मागंच लागला. दुष्काळात घरात वाळवंट लावणं शुभ नसतं म्हणे. मी विचारलं, "धबधबा लावून नळाला पाणी येतं का?" मग गुमान पुसून, बांधून दिलं.

तू म्हणशील, बाईंना हे काय सुचलं. गेले होते दुसऱ्याच कामाला. घर बदलताना तुझ्या बक्षिसाच्या चित्राची काच तडकली, ती नवी बसवायची होती. व्हय, तेच चित्र. पुण्याला नोकरीवर निघताना म्हणालीस, ते भिंतीवर आहे तोवर मी येणार नाही. तरी नव्या घरात पहिला खिळा मी त्याच्यासाठीच ठोकला. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

बद्रीनाथ काच शोधत होता, तोवर मी त्या वाळवंटासमोर उभी राहिले. नुसती वाळू, वाऱ्यानं ओढलेल्या रेघा, वर पांढुरकं आभाळ. तीस वर्षं चित्रकला शिकवली. दुसऱ्याचं चित्र दिसलं की दुरुस्त करायला माझा हात शिवशिवतो. इथं शिवशिवला नाही. पाण्याचा थेंब नव्हता आणि कुठं काही कमी नव्हतं. मला लई लाज वाटली, रूपाली.

सिल्लोडला सहावीत असताना तू 'माझं गाव' काढलंस. कोरडा नाला, भेगा, रिकाम्या घागरींची रांग. तालुक्याच्या स्पर्धेत असलं चालत नाही, असं माझं मीच ठरवलं. तू टँकरच्या रांगेत उभी होतीस, तेवढ्यात मी तुझ्या नाल्यात निळी नदी भरली. पहिला नंबर आला. तू बक्षीस घेतलंस, घरी येऊन ब्रश ठेवून दिलास, आणि त्या दिवसापासून मला घरातसुद्धा 'बाई' म्हणायला लागलीस. मी चारचौघांत सांगत राहिले, पोरीला चित्रकलेचा कंटाळा आला. ते खोटं होतं. तुझं चित्र मी नासवलं.

ते आता भिंतीवर नाही. फ्रेममधून काढलं आणि मागच्या बाजूला लिहिलं: 'नदी सत्यभामाबाईंनी काढली. बाकी सगळं रूपालीचं.' खाली सही केली, तारीख घातली. पत्रासोबत पाठवतेय. फाड नाहीतर ठेव, तुझं आहे.

त्या खिळ्यावर वाळवंट लावलंय. सुट्टी मिळाली की बघायला ये. नदी नाही, पण तुझ्यापुरते दोन हंडे भरून ठेवीन.

तुझी आई
(शाळेतली बाई नव्हे)