नखं दाखवा

अप्पा, आईला मी रोज सकाळी नऊ वाजता परक्या घरी सोडून येते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी या गोष्टीवरून घरात अजून तुमचंच नाव निघतं. परवा धाकटा संभाजीनगरहून आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "ताई, अप्पा असते तर असं झालं असतं का? मायला दिवसभर लोकांत ठेवून राह्यली तू. अन् तेही अप्पाच्या पेन्शनमधून!" मी म्हटलं, "ती आता आईची पेन्शन आहे. अन् एवढं वाटत असलं तर ने तिला. आजच ने." तो चहा पिऊन चारच्या गाडीनं निघून गेला.

तुम्ही असता तर काय झालं असतं हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते एकदा होऊन गेलंय. गावाकडचं, धावड्याचं आपलं स्वयंपाकघर. मी दहा वर्षांची. आजी, म्हणजे तुमची आई, तेव्हा सगळं विसरायला लागली होती. त्या दुपारी ती कुणाला न सांगता घरातून निघाली आणि शिवारातल्या विहिरीच्या काठावर सापडली. आई त्या वेळी गावातल्या बालवाडीत शिकवायला गेली होती. संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापतेय आणि तुम्ही दारात उभे आहात, हेडमास्तरांच्या आवाजात बोलताय, "उद्यापासून बालवाडी बंद. आपलं माणूस आपणच सांभाळायचं." आई मान वर न करता म्हणाली, "पोरांचं पंधरा ऑगस्टचं गाणं बसवून राह्यले. तेवढं होऊ द्या, मंग सोडते." तुम्ही म्हणालात, "बिलकुल न्हाई." आपणच म्हणजे कोण, अप्पा? दुसऱ्या दिवशी तुम्ही साडेदहाला तुमच्या शाळेत गेलात. पुढची नऊ वर्षं, आजी असेपर्यंत, तसेच जात राहिलात. तिचं धुणं, तिला भरवणं, तिच्या शिव्या खाणं आईनं एकटीनं केलं, आणि गाव तुम्हाला श्रावणबाळ म्हणत राहिलं. तुम्ही म्हणू दिलंत. बाकी सगळं मी एकवेळ गिळलं असतं, हे गिळवत नाही.

आता आई विसरते. गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसते, मला कधीकधी "तुम्ही कुठल्या?" म्हणून विचारते. मी भोकरदनला राहते, केदारखेड्याच्या शाळेवर शिकवते. तिला कुलपात ठेवायचं नाहीतर नोकरी सोडायची, एवढंच मला सगळ्यांनी सुचवलं. नोकरी सोड म्हणणाऱ्यांत धाकटा पहिला. मग कळलं की एका रिटायर नर्सबाईंनी त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत म्हाताऱ्या माणसांचं डे-केअर सुरू केलंय. सात जण असतात, पाच वाजेपर्यंत. फी आईच्या पेन्शनमधून जाते आणि ती भरताना माझा हात अडखळत नाही. ती पेन्शन तुमच्या नोकरीची असेल, पण तुम्हाला बेफिकीर नोकरी करता आली ती कुणामुळं?

पण पैसे भरले म्हणजे झालं असं मीही समजत होते. महिनाभर रोज पाचला जाऊन बघते तर आई त्याच खुर्चीत, टीव्हीपुढं. एक दिवस तिची साडी ओली होती. मी दारातूनच आवाज चढवला. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही जल्दीत सोडता अन् जल्दीत नेता. मावशी आधी काय करत होत्या, बाथरूमला जायचं तर कसं सांगतात, एक शब्द तरी सांगितला का आम्हाला?" घरी येऊन मी लिहायला बसले. जायचं असलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळते. चहात आलं लागतं. गर्दीत घाबरते. आणि मग पुढं काय लिहायचं ते सुचेना. तिला काय आवडायचं हे आठवायला गेले तर तुमची आई, तुमचा डबा, तुमचे पाहुणे. तिचं स्वतःचं म्हणून दोन वर्षांची बालवाडी, बस. तेवढीच लिहिली आणि दुसऱ्या दिवशी तो कागद नर्सबाईंना दिला.

पंधरा दिवसांनी मी जरा लवकर पोचले. आई उभी होती. बाकी सहा जण तिच्यापुढं ओळीनं बसलेले. "नखं दाखवा!" तिचा तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. कोपऱ्यात एक आजोबा असतात, जन्मभर शेती केलेले, कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. आई म्हणाली, "उद्या कापून या." ते म्हणाले, "हो बाई." सगळे हसले, आईही हसली. नर्सबाई मला सांगायला आल्या की आता रोज मावशीच हजेरी घेतात. मी दाराशी रडले अप्पा, पण ते आनंदाचं रडणं नव्हतं. तुमचा इतका राग मला तुम्ही असतानाही कधी आला नव्हता.

आणखी एक आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी शाळा बंद होती आणि डे-केअर चालू होतं. चार दिवस मी आईला तिथं सोडलं. काम काहीच नव्हतं. घरी येऊन पंखा लावला आणि झोपले. चारही दिवस मला तिची आठवण आली नाही. हे धाकट्याला कळता कामा नये, म्हणून तुम्हाला लिहिलेला हा कागद आता फाडते.