तळीचा पाचवा गडी

महारुद्रा, लेकरा,

आज चंपाषष्ठी. चार महिने वांगं तोंडात घातलं न्हाई, आज खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवद केला. पण भंडारा-खोबऱ्याची तळी उचलल्याबिगर निवद दाखवता येत न्हाई, अन् तळीच्या ताटाला पाच गडी लागतात. तुझे आबा गेले. गल्लीतली पोरं पुण्याला, भावकी अबोल्यात. शेजारचा म्हातारा आश्रुबा तेवढा काठी टेकीत, आणखी तीन म्हाताऱ्यांना घेऊन आला. चौघं झाले, पाचवा न्हाई.

तू म्हणलास, "आई, व्हिडिओ कॉल लावून मोबाईल ताटाशेजारी ठेव. मी हायेच की." ठेवला.

आश्रुबा म्हणला, "वैनी, तोंड दिसायलंय, पण ताट हातानं उचलावं लागतंय."

मीच ताटाला हात घातला, तर त्यानं मनगट धरलं. "बाईमाणसानं न्हाई." तू सगळं बघायलास. मला वाटलं, आता बोलशील. तू म्हणलास, "आई, मीटिंग हाय, ठेवतो."

रोडगे वाळून गेले. देवाच्या आधी मी कशी खाऊ?

हे पत्र टाकत न्हाई. वाचून तू पुन्हा फोनच करशील.

तळीला पाच लागतात, मला उचलायला चौघं पुरतील. तवा बी तू मोबाईलच ठेवायला सांगशील. तिरडीशेजारी.

अजून न जेवलेली,
तुझी माय
राणीसावरगाव